निनावी देहाचे ऋण

मृत्यूनंतर मनुष्याचे काय होते, हा प्रश्न नचिकेत्याने यमाच्या दारी विचारला आणि तेव्हापासून आपल्या तत्त्वचिंतनाने तो कधी खाली ठेवला नाही. परंतु त्याच्याच शेजारी दुसरा एक प्रश्न उभा आहे. मृत देहापासून जे ज्ञान जिवंतांच्या हाती येते ते कोणाचे, ते घेण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो, आणि घेतल्यावर त्याचे उतराई कसे व्हावे, हा तो प्रश्न. आणि तो मात्र आपल्या धर्मचर्चेत क्वचितच उपस्थित झालेला आढळतो. पहिला प्रश्न एकांतात बसूनही सुचतो. दुसरा सुचण्यासाठी शवविच्छेदनगृहाच्या उंबरठ्यापर्यंत जावे लागते. तालुक्याच्या गावी शवविच्छेदन करणाऱ्या एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मनात जेव्हा असे येते की, यातील अमुक प्रकरण न्यायवैद्यकशास्त्राच्या नियतकालिकाकडे निबंधरूपाने धाडावे, तेव्हा त्याला ठाऊक असो वा नसो, तो याच प्रश्नाच्या समोर येऊन बसलेला असतो. म्हणून त्याचे उत्तर मी अशाच एका तालुक्याच्या आधाराने, माजलगावच्या आधाराने, शोधू इच्छितो.

सिंदफणेच्या काठचे माजलगाव हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तालुक्याच्या अंगावरून गोदावरी वाहते, गावाजवळ जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, आणि भोवती ऊस व कापूस उभा असतो. अशा मुलुखात अवेळी येणारा मृत्यू बहुधा ठरलेल्या वाटांनीच येतो. फवारणीचे औषध पोटात गेलेले असते, रात्री पिकाला पाणी देताना पायाखाली साप आलेला असतो, धरणात पोहायला उतरलेला मुलगा वर आलेला नसतो, किंवा उसाच्या वाहनाची धडक बसलेली असते. मग पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमान्वये पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, आणि देह ग्रामीण रुग्णालयाच्या स्वाधीन केला जातो. बाहेर बसलेले नातलग एवढेच विचारीत असतात की, पीएम झाले का आणि बॉडी ताब्यात कधी मिळेल. आत मृत्यूचे कारण नुसत्या दृष्टीने ठरत नसेल तर व्हिसेरा राखून ठेवला जातो, म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांचे अंश मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, बरण्यांना मोहोर लावून, छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना केले जातात.

या साऱ्या दस्तऐवजात नावाला प्रथम मान आहे. मयताचे नाव, बापाचे अथवा पतीचे नाव, वय, राहणार कोठले, देहावरच्या ओळखीच्या खुणा, आणि ओळख पटविणाऱ्या इसमाचे नाव, यांतील एकही गोष्ट गाळली तर अवघा कागद निकामी होतो. आणि त्या कागदावर केवळ फौजदारी खटलाच अवलंबून असतो असे नाही. शेतकऱ्याचा मृत्यू सर्पदंशाने, बुडून, अथवा जंतुनाशक हाताळताना विषबाधा होऊन झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली त्याच्या वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. तेच विष त्याने स्वहस्ते घेतले असे ठरले तर ही योजना त्याला लागू होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले तेव्हा हे सर्व महाराष्ट्राच्या ध्यानात आले की, विष त्वचेतून आणि श्वासातून शरीरात गेले की घशातून, हा भेद केवळ पाठ्यपुस्तकाचा नाही. एका विधवेच्या पुढल्या आयुष्याचा तो आधार आहे. सरकारदप्तरी नोंदलेले मृत्यूचे कारण हे अशा रीतीने मृताचे अखेरचे बोलणे ठरते, आणि ते डॉक्टराच्या हस्ताक्षरात उमटते.

आता हाच डॉक्टर जेव्हा निबंध लिहावयास बसतो तेव्हा त्याच्याकडून नेमकी उलट मागणी केली जाते. नियतकालिकाला प्रस्तावना हवी, साहित्य आणि पद्धती हवी, निष्कर्ष आणि त्यांवरील चर्चा हवी, संदर्भ हवेत, संस्थेच्या एथिक्स कमिटीचे संमतिपत्र हवे, हितसंबंधांचे प्रतिज्ञापन हवे; परंतु मयताचे नाव नको. नाव नको एवढ्यावरही भागत नाही. छायाचित्रातील डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख झाकली, ही जुनी समजूत वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट शब्दांत अपुरी ठरविली आहे. मुंबईसारख्या महानगरात वय आणि व्यवसाय यांवरून कोणी ओळखू येत नसेल. पण माजलगाव तालुक्यातील एखाद्या वाडीचे नाव, आषाढातील एखादी तिथी आणि ट्रॅक्टरवर चालक असल्याचा उल्लेख, एवढे तीन तपशील एकत्र आले की पंचक्रोशीतील शाळकरी पोरही मयताच्या घराकडे बोट दाखवील. म्हणून लेखकाने तिथी वगळावी, वाडी वगळावी, जे शास्त्राला अनावश्यक ते सारे वगळावे. मात्र जे शास्त्राला आवश्यक त्यात रतिमात्र फेरफार करू नये, कारण ओळख झाकण्याच्या मिषाने वय बदलणे अथवा स्त्रीचा पुरुष करणे हे असत्यच होय. न्यायालयाला जे सत्य नावासह हवे असते तेच सत्य विद्येला नावावाचून हवे असते, आणि दोन्ही ठिकाणी ते तितकेच निखळ असावे लागते.

नाव राखणे आणि नाव सोडणे या दोहोंचीही परंपरा या भूमीला अपरिचित नाही. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या तीरी पुरुषोत्तमपुरी आहे, जेथे अधिक मासात भाविकांची दाटी होते. तेथे सापडलेला यादव राजा रामचंद्राचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा आहे; दान देणारा कोण, घेणारा कोण, गावे कोणती, हे सारे त्यात कोरलेले असल्यामुळे रामचंद्राचा तो मंत्री पुरुषोत्तम सातशे वर्षांनंतरही आपणांस नावाने ठाऊक आहे. उलट याच जिल्ह्यात आंबेजोगाईस जे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव दिलेले आहे. आणि स्वामीजी तर व्यंकटेश खेडगीकर हे आपले पूर्वाश्रमीचे नाव टाकून संन्यासी झालेले पुरुष. राजाने नाव धातूवर कोरले, संन्याशाने ते स्वेच्छेने टाकले. परंतु शवविच्छेदनाच्या मेजावरील माणसाने स्वतःचे नाव राखलेही नाही आणि टाकलेही नाही. ते त्याच्या वतीने दुसरा कोणी काढून घेत असतो, आणि म्हणून त्या काढून घेण्याचा धर्म कोणता, हे काढून घेणाऱ्याने स्वतःस विचारले पाहिजे.

नाव काढून घेण्याचे एक भीषण उदाहरण महाराष्ट्राच्या न्यायवैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाल्या. मुंबईत त्या बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाल्या त्या दुसऱ्याच एका नावाने, आणि काही तासांतच मरण पावल्या. देह बेवारस ठरून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी गेला; तेथे गळ्यावर एक खूण दिसल्यामुळे शवविच्छेदन झाले, पण रासायनिक तपासणीत विषाचा अंशही मिळाला नाही. इकडे त्यांच्या नावाने खोटी पत्रे नातलगांना येत राहिली. अखेर रुग्णालयाच्या नोंदी आणि इतर परिस्थितिजन्य पुरावा यांच्या बळावर बाईंचे खरे नाव त्यांना परत मिळाले, आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागूंची दोषसिद्धी कायम करताना असे मानले की, तपासणीत विष न सापडणे एवढ्यावरून विषप्रयोग झालाच नाही असे ठरत नाही. येथे नाव पुसले गेले ते सत्य मरावे म्हणून. निबंधकर्ता नाव वगळतो ते सत्य चालते व्हावे आणि मयताच्या लेकराबाळांना गावात मान वर करून चालता यावे म्हणून. बाह्यतः कृती एकच. तिला पुण्य किंवा पातक बनविणारी वस्तू म्हणजे करणाऱ्याचा हेतू आणि त्याची दक्षता. ज्या कृतीचे स्वरूप अपराधाच्या इतके जवळ आहे ती करताना मनुष्याने कागदी संमतीवर विसंबून स्वस्थ राहणे योग्य नव्हे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, आपल्या दर्शनांनी देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली आहे. आत्मा निघून गेल्यावर त्या वस्त्राचे काय केले याची चिंता कशाला? आक्षेप सुबुद्ध आहे, पण तो अर्धाच विचार सांगतो. ज्या परंपरेने देहाला वस्त्र म्हटले तिनेच अंत्येष्टी हा संस्कार मानला, आणि अपमृत्यू आलेल्यासाठी नारायणबळीचा निराळा विधीही सांगितला. माजलगावातील मुसलमान कुटुंबात मयताला स्नान घालून, कफन नेसवून, होईल तितक्या लवकर दफन करण्याची तळमळ असते, आणि मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच मानावे अशी त्यांच्या धर्माची शिकवण आहे. यमाच्या घरची वाट कशीही असो, मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने तो देह म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांचा बाप, त्यांची लेक असते. राज्यसंस्था त्यांची अनुमती न घेता तो देह ताब्यात घेते ती एकाच कारणासाठी, मृत्यू कसा झाला हे समाजाला कळावे यासाठी. आणि हे कारण पुरेसे बलवत्तर आहे यात शंका नाही. परंतु ज्या हुकुमाने शवविच्छेदन झाले तो हुकूम प्रकाशनाचा परवाना देत नाही. दधीचीने वज्रासाठी अस्थी दिल्या त्या मागितल्यावर आणि जाणूनबुजून दिल्या. मेजावरील मयताला कोणी विचारलेलेच नसते. तेव्हा त्याच्या देहातील ज्ञानाला दान म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. न विचारता घेतलेल्या वस्तूला दोनच नावे असू शकतात: ती एक तर चोरी असते, नाही तर कर्ज असते. ते ज्ञान कर्ज ठरावे अशी इच्छा असेल तर ते फेडण्याची बांधिलकी घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

या ऋणाचे स्वरूप ओळखण्यास सुश्रुताचा एक उतारा विलक्षण साहाय्य करतो. शारीरस्थानात त्याने शल्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगितले आहे की, सर्व अवयव शाबूत असलेला मृत देह घ्यावा, मुंज, कुश, वल्कल अशा द्रव्यांनी वेष्टून पिंजऱ्यात घालावा, नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवावा, आणि मग वाळ्यासारख्या द्रव्यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतले एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. कारण जे प्रत्यक्ष पाहिले आणि जे शास्त्रात वाचले, ती दोन्ही मिळूनच ज्ञान वाढवितात. मात्र देहाच्या निवडीत त्याने अटी घातल्या: तो विषाने मेलेल्याचा नसावा, दीर्घ व्याधीने पिडलेल्याचा नसावा, शंभर वर्षांच्या वृद्धाचा नसावा. प्रकृत शरीररचना शिकण्यासाठी निवड करणाऱ्या आचार्यांचा हा विवेक रास्तच होता. पण विषाने मेलेला जो देह त्यांच्या विद्यालयाने दारातून परत पाठविला असता, तोच नेमका आजच्या न्यायवैद्यकाचा अध्यापक आहे. औषध पिऊन मेलेला तरुण, फवारणीत मेलेला मजूर, पाण्यातून चार दिवसांनी वर आलेला फुगलेला देह, ज्यांच्याकडे आप्तांनाही पाहवत नाही, ते येथे विद्या देतात. आणि त्याच अध्यायात सुश्रुत हेही सांगून ठेवतो की, देहात वसणारे जे अतिसूक्ष्म तत्त्व ते चर्मचक्षूंना दिसत नाही; त्याला ज्ञानाचे आणि तपाचे नेत्र लागतात. अर्थात हाती सुरी असणाऱ्याने आपल्याला सर्व काही दिसले असे मानू नये, ही मर्यादा शस्त्रक्रियेच्या आद्य आचार्यानेच आखून दिलेली आहे.

वैदिक वाङ्मयाने मनुष्य जन्मतः ऋणी मानला: देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा; शतपथ ब्राह्मणाने मनुष्यमात्राचे चौथे ऋण त्यात मिळविले. यज्ञाने देवऋण फिटते, संततीने पितृऋण फिटते, आणि ज्यांच्याकडून ज्ञान आले त्यांचे ऋण अध्ययनाने व ते ज्ञान पुढे चालविल्याने फिटते. माझे म्हणणे एवढेच आणि अगदी नेमके असे आहे की, शवविच्छेदनगृहातील निनावी मयत हा आपला ऋषी आहे, आणि त्याच्या देहावरून लिहिलेला निबंध ही त्या ऋषिऋणाची फेड आहे. हे म्हणणे आलंकारिक समजू नये. ज्याच्याकडून आपण पूर्वी नसलेले ज्ञान घेतले त्याच्या जातीचा, विद्वत्तेचा किंवा संमतीचाही विचार न करता आपण त्याचे देणेकरी होतो. आणि धनको मृत असल्याने तो वसुलीस येऊ शकत नाही, म्हणून तर देणेकऱ्याचा धर्म अधिक कठोर होतो.

या दृष्टीने पाहू लागले की हस्तलिखिताच्या सिद्धतेतील नीरस वाटणारी एकेक बाब निराळा अर्थ धारण करते. प्रथम हेतूची शुद्धी. वैद्यकीय अध्यापकाच्या बढतीला निबंधांची अट जोडली गेल्यापासून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली. २०१८ साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांच्या सरकारी यादीतील एका मोठ्या भागाची छाननी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची आढळली. बढतीची इच्छा निंद्य नाही. पण जो निबंध कोणी तपासला नाही आणि जो कोणी वाचणार नाही, त्यात मयताला गोवणे म्हणजे ऋषीच्या धनातून स्वतःची हवेली बांधणे होय. खरे परीक्षण करणाऱ्या नियतकालिकांत लेखकाचे नाव वेगळ्या पानावर ठेवून मूळ मजकूर निनावी धाडण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. परीक्षकाला लेखक कोण हे कळत नाही, मयत कोण हे तर कळूच नये. त्या दोघांच्या मध्ये फक्त सत्य उरते, आणि त्या अल्प काळापुरता तरी लेखक आपल्या मयताच्या पंक्तीला जाऊन बसतो. ज्याने काही केले नाही अशा वरिष्ठाचे नाव लेखकांत घालणे आणि ज्याने रात्रभर राबून नमुने जपले त्या कनिष्ठाला वगळणे, ही या पंक्तीतील अपवित्रता समजली पाहिजे. शवागारातील परिचराने टाके घालून देह नातलगांना पाहवेल असा केलेला असतो; लेखकांच्या नावांत त्याला स्थान नसले तरी आभाराच्या ओळीत ते असावे.

दुसरी गोष्ट सत्याची. न्यायवैद्यकातील वाक्य ग्रंथालयात पडून राहत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमाने तज्ज्ञांच्या प्रकाशित ग्रंथांतील मते विशिष्ट परिस्थितीत न्यायालयापुढे मांडण्यास वाट दिली, आणि जयसिंग मोदींचा १९२० साली प्रथम निघालेला ग्रंथ उलटतपासणीत आजही उघडला जातो. आज माजलगावच्या प्रकरणावरून लिहिलेले एक सैल विधान उद्या परक्या जिल्ह्यातील आरोपीच्या गळ्याशी येऊ शकते. म्हणून जेथे शंका असेल तेथे शंका लिहावी. खटला चालू असेल तर निकालापर्यंत थांबावे. आणि अपेक्षेविरुद्ध निघालेला निष्कर्ष दडपू नये. बुडून मृत्यूचेच उदाहरण घ्यावे. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची कवचे सिलिकाची असतात. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो तेव्हा ती रक्तावाटे अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतात, आणि तीव्र आम्लातही विरघळत नाहीत. पण ती कसोटी त्या त्या जलाशयातील डायटमांशी ताडून पाहिल्याखेरीज फारसे सांगत नाही, आणि त्यांच्या जाती ऋतूपरत्वे बदलतात. शिवाय तिच्या विश्वासार्हतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेतच. सिंदफणेच्या पाण्यात ज्येष्ठात काय असते आणि पौषात काय असते याची कोणी निष्ठेने नोंद करून ती प्रसिद्ध केली, तर तिच्यात एकाही मयताचे नाव नसेल, आणि तरीही बुडालेला पोर खरोखर बुडाला की मारून टाकला गेला, हे ठरविण्यास पुढे तिचा आधार मिळेल.

तालुक्याच्या गावातून असे कार्य होऊ शकते याला पुरावा आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडच्या परिसरात विंचूदंशाने माणसे मरताना पाहिली, त्यांची लक्षणे शय्येजवळ बसून टिपली, १९८२ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे ठेवला. ज्या दंशाने पूर्वी शंभरातील तीस-चाळीस गंभीर रुग्ण दगावत त्याचे मृत्यूप्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. त्या पूर्वी दगावलेल्यांची नावे निबंधांत नाहीत. पण पुढे वाचलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात त्यांचा वाटा आहे, आणि ऋण फिटणे म्हणतात ते याला.

यावरून अखेरची अट आपोआप निघते, आणि ती नियतकालिकांच्या नियमावलीत मला कोठे दिसत नाही. निबंध इंग्रजीत लिहिला जातो, दूरच्या नगरातील संपादकाकडे जातो, स्वीकारला जातो, आणि लेखक समजतो की कार्य संपन्न झाले. परंतु ऋषिऋण नुसत्या अध्ययनाने फिटत नाही, त्याला अध्यापनही लागते. आणि ज्या गावच्या देहावरून ज्ञान आले त्या गावाला ते न सांगता केलेली फेड अपुरी राहते. फवारणीत विष कसे भिनते हे निबंधात सिद्ध केले असेल, तर ते पेरणीनंतरच्या दिवसांत ग्रामसभेत, कृषी सेवा केंद्राच्या फळीवर, आशा कार्यकर्तीच्या तोंडून, शुद्ध सोप्या मराठीत माजलगावच्या शेतकऱ्याच्या कानी गेले पाहिजे. मयताच्या नावाविना, त्याच्या वाडीच्या उल्लेखाविना, आणि एकही अक्षर अतिशयोक्तीचे न घालता. एथिक्स कमिटीने संमतिपत्र देताना लेखकाला जसे विचारावे की ओळख कशी झाकणार, तसेच हेही विचारावे की निष्कर्ष या तालुक्याला परत केव्हा आणि कोणाकडून सांगणार, आणि त्याचे उत्तर लेखी घेऊन दप्तरी ठेवावे.